वीसपेक्षा कमी

"तुझा वर्ग वाचवायला तुला माझी पोर पायजेल, असं सरळ बोल ना ताय!"

"हळू बोल. खालचे भाडेकरू ऐकतायत."

"ऐकू दे. भाड्यातच धरलंय ते." हितेशने टेबलावरची मार्कलिस्ट उचलली आणि थोरल्या बहिणीच्या नाकासमोर हलवली. "चौऱ्याऐंशी टक्के हायत हे. आपल्या घरात आजपर्यंत साडेबारा टक्क्यांच्या वर कोण गेलाय काय? आणि ही पोर चौऱ्याऐंशी आणते, तर तू बोलतेस आर्ट्सला घाल!"

साडेबारा टक्क्यांचा हा विनोद ओवे गावात घरोघरी होतो. भाताची जमीन नव्या शहरासाठी गेली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट परत मिळाला, आणि त्या प्लॉटवर हितेशने चार मजले चढवले. एरवी आशालता या विनोदाला हसायची. आज नाही हसली. गेल्या आठ दिवसांतलं हे तिचं एकतिसावं घर होतं. तीस घरांतून फिरून झाल्यावर एकतिसाव्या घरात समोर सख्खा भाऊ बसला होता, बनियन आणि बर्म्युडावर, रविवारच्या सकाळचा, भांडायला एकदम ताजा.

"मी घाल म्हणत नाही. प्राचीला विचार, एवढंच म्हणते."

"तिला काय विचारायचं? पंधरा वर्षांची पोर ती. तिला विचारलं तर दोन टाइम मोमो खाऊन जगेल."

"पप्पा, मी ऐकतेय," आतल्या खोलीतून आवाज आला.

"ऐक, ऐक! तू पण ऐक, तुझी आत्या पण ऐकू दे." हितेशने खुर्ची पुढे ओढली. "मना एक सांग ताय. आर्ट्स घेऊन करायचं काय? एका वाक्यात सांग. मास्तरीण हायस ना?"

एक वाक्य आशालताकडे होतं. तीस घरांत वापरून वापरून त्याचा पार चोथा झाला होता, पण दुसरं नव्हतं.

"माणूस विचार करायला शिकतो."

"अच्छा! म्हणजे आमी बिनविचाराचे." हितेशने हात फिरवून सगळं घर दाखवलं, टाइल्स, एसी, खिडकीबाहेर उभी असलेली खडी-रेतीची गाडी. "हे सगळं काय डोळं मिटून उभं केलं?"

"तसं नाही रे."

"मग कसं? आणि समज, घातली पोर. उद्या वर्गच बंद पडला तर? तू घरी, पोर पण घरी."

"वर्ग बंद पडत नाही. परिपत्रक आलंय, वीसचा आकडा आहे. एकोणीस झालेत. वीस झाले की झालं."

"बघ!" हितेशने मांडीवर थाप मारली. "विसावी माझी पोर. आलं ना तोंडातून?"

मंगळवारी संध्याकाळी पाचला अकरावीचा ऑनलाइन फॉर्म बंद होणार होता. आशालताने पदराने मान पुसली, समोरचा चहा सायीसकट प्यायला आणि उठली. भांडण संपलं नव्हतं. तिच्यातली भांडणारी बाई तेवढी संपली होती.

आशालता बुधाजी घरत, वय त्रेपन्न. पनवेलच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवायला लागून तिला सत्तावीस वर्षं झाली. जुन्या पनवेलीत, एसटी स्टँडपासून चालत सात मिनिटांवर, एक खोली आणि स्वयंपाकघर. लग्न नाही. दोन-तीन स्थळं आली होती, पण मुलगी एम.ए. आहे, आणि तेही "तर्क करण्यात", हे कळल्यावर ती आल्या वाटेने गेली. त्याचं आता सुख नाही की दुःख नाही. खरं दुखणं वेगळं होतं. तिची नोकरी विनाअनुदानित. अनुदानित मास्तराचा वर्ग बंद पडला तर सरकार त्याला 'अतिरिक्त' म्हणतं आणि दुसरीकडे कुठेतरी पाठवतं. विनाअनुदानितवाल्याच्या नशिबी तो शब्दसुद्धा नसतो. त्याला नुसतं थांबवतात.

जून महिना हा पूर्वी शिकवण्याचा होता. गेली सहा-सात वर्षं तो पोरं गोळा करण्याचा झाला होता. स्टाफरूममध्ये गावं वाटून घ्यायची, दहावीच्या निकालाच्या याद्या मिळवायच्या, पिशवीत माहितीपत्रकं भरायची आणि निघायचं. इतिहासाचे दिनानाथ सर म्हणायचे, "मॅडम, पूर्वी मतं मागायला येणाऱ्यांना आपण पाणी तरी विचारायचो. आपल्याला तेही मिळत नाही."

पाणी मिळायचं तसं. उत्तरंही मिळायची.

चिरनेरला सखूबाई नावाच्या एका आजीने तिला ओटीवर बसवून सगळं नीट ऐकून घेतलं होतं. मग विचारलं, "कला शाखा म्हंजी नाचायचं शिकवता काय?"

"नाही आजी. इतिहास, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र..."

"तर्क?" आजीने कपाळाला आठी घातली. "तर्क काढनाऱ्या बाईचं घर टिकत नाय, बाय. नाच असता तं धाडली असती नातीला. हळदीला तरी कामी आला असता."

आशालता हे स्टाफरूममध्ये सांगताना आजीचा आवाज काढून सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे. पहिल्या दिवशी हसले. आठव्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण तोवर प्रत्येकाच्या पिशवीत अशी एकेक आजी जमा झाली होती.

तिला स्वतःला तर्कशास्त्राला घातलं ते वडलांनी, बुधाजींनी. आडगावातून जत्रा पाहायला यावं तसे ते पनवेलला कॉलेज बघायला आले होते, धुतलेल्या सदऱ्यात. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "तर्कशास्त्र लिहू की मानसशास्त्र?" बुधाजींनी खिडकीच्या गजांना धरून उलट विचारलं, "यातला कनचा घेतला की सायबाला उलट बोलता येतं?"

क्लार्क हसला. "तर्कशास्त्र."

"मंग तेच लिवा."

बुधाजींचा अर्धा जन्म भाताच्या खाचरात आणि उरलेला जमिनीच्या कागदांपायी ऑफिसांच्या दारात गेला होता. साहेब बोलायचा आणि बुधाजी "हो सायेब" म्हणायचे. बाहेर येऊन शिव्या द्यायचे, त्या साहेबाला नाही, स्वतःच्या जिभेला.

आशालता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा ते तिला सोबत घेऊन भूसंपादनाच्या ऑफिसात गेले. टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ज्यांनी मुदतीत हरकत घेतलेली नाही, त्यांना हा दर मान्य आहे." बुधाजींचं "हो सायेब" ओठांवर आलंच होतं. आशालताच म्हणाली, "हरकत घेतली नाही म्हणजे मान्य केलं, असं कसं होईल? माझ्या वडलांना नोटीस वाचताच येत नाही. न वाचलेली गोष्ट ते मान्य कशी करतील?"

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा मान वर केली. आणि म्हणाला, "बसा."

जमीन गेलीच. ज्या दराने शेजाऱ्याची गेली त्याच दराने गेली. पण बुधाजी पुढची वीस वर्षं, मरेपर्यंत, लग्नात, मयताला, न्हाव्याकडे, कुठेही विषय काढून सांगायचे, "आमच्या पोरीला सायेब बसा बोलला. मना पण खुर्ची दिली." हितेश तेव्हा प्यांट सावरत पळणारा पोरगा होता. त्याने हे इतक्यांदा ऐकलं की त्याला त्याचा कंटाळा आला. खुर्ची मिळाली, जमीन नाही, मग मिळालं काय, असा त्याचा हिशेब. आणि आशालताला खोटं बोलता येत नव्हतं. आपल्याकडेही याचं चोख उत्तर नाही, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी प्राची रिक्षाने आत्याकडे आली. आली ती फरशीवरच पालथी पडली, हनुवटीखाली उशी, हातात मोबाईल.

"पप्पा अजून फुगलेत. मम्मी म्हणते, दोघं भावंडं एकाच मातीची."

"खायला काय करू?"

"काही नको. आत्या, ते परिपत्रक दाखव ना. पप्पा विचारतात नक्की काय लिहिलंय. मी म्हटलं, वाचून सांगते."

आशालताने फोन तिच्याकडे सरकवला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मग पाठीमागून:

"आत्या, हे अर्धंच आहे."

"अर्धं कसं? एकच पान आहे ते."

"पान नाही गं. हे ऐक. 'ज्या विषयाची विद्यार्थिसंख्या वीसपेक्षा कमी असेल, तो विषय चालू शैक्षणिक वर्षापासून बंद करण्यात येईल.' बरोबर?"

"बरोबर."

"वीस झाले तर काय?"

"चालू राहील."

"कुठे लिहिलंय?"

आशालताने फोन स्वतःकडे ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं. आधण उकळायला लागलं.

दर वर्षी जूनच्या शेवटी, नवीन वर्गासमोर, ती एकच उदाहरण द्यायची. एसटी चुकली तर उशीर होतो. आज एसटी मिळाली. म्हणून आज उशीर होणार नाही. बरोबर की चूक? पुढचे बाक एका सुरात म्हणायचे, बरोबर! आणि मागून कुणीतरी उरणकडचा पोरगा ओरडायचा, "चूक मॅडम, कळंबोलीला ट्रॅफिक कोन तुमी काढनार?" वर्ग हसायचा. मग ती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची, पूर्वांगनिषेधाचा दोष. आणि सांगायची, पोरांनो, 'असं झालं तर तसं होईल' एवढंच कुणी म्हणालं असेल, तर 'असं झालं नाही तर तसं होणार नाही' हे त्याने म्हटलेलं नाही. ते तुम्ही तुमच्या मनाचं जोडलं. कारण तुम्हाला ते हवं होतं.

सत्तावीस वर्षं सांगितलं. आणि एकतीस घरांत, एकतीस ओट्यांवर आणि सोफ्यांवर बसून, तिने स्वतः तेच केलं होतं. वीस झाले की झालं. तिनेच नाही, अख्ख्या स्टाफरूमने. पण बाकीचे इतिहासाचे, अर्थशास्त्राचे. ती तर्कशास्त्राची.

तिला हसू आलं, पण ओठांपर्यंत येता येता दमून परत गेलं. तिने गॅस बंद केला आणि कॉटवर बसली.

"सॉरी आत्या," प्राची उठून बसली. "मी उगाच..."

"सॉरी कसलं? दहापैकी दहा."

"तूच शिकवलंस ना. सातवीत. मी म्हटलं होतं, अभ्यास केला नाही तर मम्मी मारते, मी अभ्यास केलाय, म्हणजे आज मार नाही."

"मग?"

"मग मम्मीने मारलं. बरणी फोडली होती मी."

दोघी हसल्या तेव्हा, थोड्या. मग प्राची म्हणाली, "मला तरी हेच शिकायचंय. पण तुझ्या कॉलेजात शिकू की नको, ते आता तू सांग. खरं खरं."

"उद्या सांगते," आशालता म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. अवधूत सर चाळिशीतले, इस्त्रीचे, कुणालाही दुखवायचं नाही असं ठरवून बोलणारे.

"या मॅडम! किती झाले? एकोणीस ना? ग्रेट. कॉमर्सवाल्यांपेक्षा तुम्हीच जास्त फिरलात."

"सर, एक विचारायचं होतं. वीस झाले तर विषय चालू राहील का?"

"वीसचा क्रायटेरिया आहे ना मॅडम."

"तो बंद करण्याचा. चालू ठेवण्याचा कुठला?"

अवधूत सरांनी परिपत्रक पुढे ओढलं, वाचलं, परत वाचलं. चष्मा काढला. "तुम्ही अगदी शब्दांत पकडता."

"तेच शिकवते."

सरांनी दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. मग ते खुर्चीत थोडे पुढे झाले आणि पहिल्यांदा माणसासारखे बोलले. "खरं सांगू? संस्थेला डेटा सायन्सचे दोन वर्ग काढायचेत. खोल्या तेवढ्याच. वीस झाले तर यंदाचं वर्ष निघेल, कदाचित. पुढच्या वर्षी काय, ते माझ्या हातात नाही."

"म्हणजे अकरावी तर्कशास्त्रात केलेल्या पोरांना बारावीला विषय नसेल?"

"दुसरा घेतील. मुलं ॲडजस्ट करतात."

"हे लिहून द्याल?"

"'कदाचित' असं कुणी लिहून देतं का, मॅडम?" ते कसनुसे हसले. "तुमचं एक वर्ष तर निघेल ना. तेवढं बघा. एकच मुलगी हवीये तुम्हाला."

ती बाहेर आली. व्हरांड्यात दिनानाथ सर पिशवी घेऊन निघाले होते. अजून एका गावाला जायचं होतं त्यांना. "झाली का विसावी?" त्यांनी लांबूनच विचारलं. तिने त्यांना थांबवून सगळं सांगितलं, अगदी परिपत्रकातल्या वाक्यासकट. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमचं पटतं हो. पण मी घरी बसून करू काय?" आणि पिशवी खांद्याला लावून गेले.

चार वाजता ती ओव्याला पोचली तेव्हा हितेश दारातच उभा होता, आणि आज त्याने शर्ट घातला होता.

"ये, बस. पंखा लाव गं." तो बसला, उठला, परत बसला. "रविवारी जास्तच बोललो मी. सोड ते. मी विचार केला, आपल्या बापाला कोणी विचारलं होतं का, पोरीला कशाला घालतोस? घातलं त्यानं. मी काय त्याच्यापेक्षा शाना?" त्याने मोबाईल टेबलावर ठेवला. "प्राचीनं एक नंबरला तुझंच कॉलेज टाकलंय. ओटीपी आला का लॉक. तुझ्या नजरेसमोर र्‍हाईल पोर. आणि तुझे पण वीस होतील."

प्राची लॅपटॉपसमोर बसली होती. तिने वळून आत्याकडे पाहिलं. परिपत्रकाचं तिने बापाला सांगितलेलं नव्हतं. ते आत्याचं होतं, आत्याने सांगायचं.

आशालताच्या डोक्यात त्या क्षणी मोठं असं काही आलं नाही. एक वर्ष आलं. जून ते एप्रिल. रोज सकाळी सात दहाचा तास, खडूची पेटी, वीस तोंडं. ते निघालं तर निवृत्तीला चार उरतात. नुसतं बसून राहायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. गप्प राहणं म्हणजे मान्य, असंच सगळे धरून चालले होते.

"काढ ते," ती म्हणाली.

"काय काढ?" हितेश.

"माझं कॉलेज. प्राची, ते खालीसुद्धा ठेवू नको, काढूनच टाक. ठाण्याचं वर घे, ते जुनं. तिथे तर्कशास्त्र आहे आणि पुढे बी.ए.ला तत्त्वज्ञान पण आहे. मी दुपारी फोन करून विचारलंय. लांब पडेल, पण पडू दे."

"ताय, काय चाललंय तुझं? परवा इथंच बसून बोललीस, वीस झाले की झालं..."

"चुकलं माझं. तसं लिहिलेलं नाय त्यात. वीस झाले तरी एक वर्ष, ते पण कदाचित." कॉलेजातली भाषा तिच्या जिभेवरून आता गळून पडत होती. "बारावीला विषय नसेल. पोरीची दोन वर्षं हायत, हितेश. माझ्या एका वर्षापायी नको."

"आत्या, एक वर्ष तरी तुझं..." प्राची म्हणाली.

"तू टाइप कर. साडेचार होतायत."

प्राचीने टाइप केलं. हितेशचा मोबाईल वाजला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"ठाण्याला पण आर्ट्सच?"

"आर्ट्सच."

तो एक लांब श्वास घेऊन आकडे वाचायला लागला. "सात... शून्य... शून्य... तीन..." सहावा आकडा सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. प्राचीने बटण दाबलं. फॉर्म लॉक झाला. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

मग हितेशने फोन उलटा करून ठेवला. "पोरीचं झालं," तो म्हणाला. "तुझं काय? त्रेपन्नाव्या वर्षी तुला कोण ठेवणार हाय, ताय? आं? तू करशील काय?"

आशालताने पर्स खांद्याला लावली, दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि ती जिना उतरू लागली.